फवारणीतील विषबाधा : धोका कुठे आहे ते आधी ओळखा, मग उपाय ठरवा

शेत हेही कामाचे ठिकाण आहे. कारखान्यात यंत्र सुरू करण्यापूर्वी धोके तपासण्याची पद्धत असते. शेतात मात्र फवारणीसारखे विषाशी थेट संबंध येणारे काम कोणतीही तपासणी न करता सुरू होते. विषबाधा टाळायची असेल तर केवळ ‘मास्क वापरा, हातमोजे घाला’ एवढे सांगून भागत नाही. काम कोणत्या टप्प्यांत होते, त्यातील कोणत्या टप्प्यावर औषध अंगावर येते आणि ते कसे थांबवता येईल, हे क्रमाने पाहावे लागते. कापसातील फवारणीचे उदाहरण घेऊन ही पद्धत समजून घेऊ.

यवतमाळमध्ये २०१७ मध्ये काय घडले?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त जणांचा मृत्यू झाला. अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. यातील मोठ्या संख्येने लोक औषध पिऊन नव्हे, तर फवारणीचे काम करताना बाधित झाले होते.

यामागे एकच कारण नव्हते. अनेक कारणे एकाच वेळी जुळून आली.

• कापसाची झाडे अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याएवढी किंवा त्याहून उंच वाढली होती. त्यामुळे नोझल छातीच्या वर धरून फवारणी करावी लागली. फवारा थेट चेहरा, मान व छातीवर येत होता.
• दाट पिकात हवा खेळत नव्हती. दमट व उष्ण हवामानात घाम जास्त येत होता. घामाने ओल्या कातडीतून आणि कपड्यांतून औषध लवकर आत जाते.
• जास्त दाबाच्या पंपांमुळे फवाऱ्याचे थेंब बारीक झाले. बारीक थेंब हवेत जास्त वेळ तरंगतात आणि श्वासावाटे आत जातात.
• दोन-तीन कीटकनाशके, त्यात विद्राव्य खत किंवा टॉनिक असे मिश्रण फवारले जात होते.
• किडींचा प्रादुर्भाव वाढल्यामुळे तेच मजूर दिवसामागून दिवस वेगवेगळ्या शेतांत फवारणी करत होते.

त्यानंतर राज्य शासनाने यवतमाळसह विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रीन, फिप्रोनील अधिक इमिडाक्लोप्रीड, अ‍ॅसिफेट, डायफेन्थ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस यांचा समावेश होता. या यादीतील सर्वच औषधे लाल त्रिकोणाची नव्हती, हे लक्षात घ्यावे. ‘जहाल औषध नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत चुकीची आहे.

विषारीपणा आणि संपर्क

जोखीम दोन गोष्टींवर ठरते. पहिली, औषध किती विषारी आहे. दुसरी, ते किती प्रमाणात आणि किती वेळ अंगावर येते. कमी विषारी औषध आठ तास भिजलेल्या कपड्यांत अंगावर राहिले, तर ते काळजीपूर्वक हाताळलेल्या जास्त विषारी औषधापेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

डब्यावरील त्रिकोण पहिल्या गोष्टीची माहिती देतो. ज्या मात्रेत चाचणीतील निम्मे प्राणी मरतात, त्यावरून हे वर्गीकरण होते. तोंडावाटे पोटात जाणाऱ्या विषासाठी ही मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये अशी आहे.

• लाल : अत्यंत विषारी, १ ते ५०
• पिवळा : अति विषारी, ५१ ते ५००
• निळा : मध्यम विषारी, ५०१ ते ५,०००
• हिरवा : कमी विषारी, ५,००० पेक्षा जास्त

मोनोक्रोटोफॉस लाल गटात, प्रोफेनोफॉस पिवळ्या गटात, तर क्लोरअँट्रानिलीप्रोल हिरव्या गटात येते. मात्र त्रिकोण संपर्काबद्दल काही सांगत नाही. उदाहरणार्थ, ‘ईसी’ प्रकारच्या औषधात तेलकट द्रावक असते. ते कातडीतून आत शिरण्यास मदत करते. त्यामुळे अशा औषधाचा न मिसळलेला थेंब हातावर पडला, तर तो ‘नंतर धुऊ’ म्हणून सोडू नये.

औषध शरीरात कोणत्या मार्गाने जाते?

फवारणी करणाऱ्याच्या शरीरात सर्वाधिक औषध साधारणपणे कातडीवाटे जाते. त्यानंतर श्वास, डोळे आणि तोंड हे मार्ग येतात. कातडी सगळीकडे सारखी नसते. तळहाताची कातडी जाड असते. कपाळ, मान, काख आणि जांघेतील कातडीतून औषध कितीतरी जास्त वेगाने शोषले जाते. पंपाच्या टाकीचे झाकण गळत असेल, तर औषध पाठीवरून ओघळत कंबर व जांघेपर्यंत जाते. तोंडाला रुमाल बांधलेला आणि पाठ मात्र ओली, असे चित्र अनेक शेतांत दिसते. अशा वेळी मोठा धोका पाठीकडून असतो.

ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे (उदा. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस) शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश वेळेवर थांबवण्याचे काम हे विकर करते. ते कमी झाले की लाळ, घाम, उलटी, स्नायू फडफडणे, श्वास अडकणे अशी लक्षणे दिसतात. हे विकर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून सलग दिवस फवारणी करणाऱ्या मजुरावर रोज थोडा थोडा परिणाम साठत जातो. आठव्या दिवशी नेहमीएवढेच औषध अंगावर आले तरी तो कोसळू शकतो. ‘इतकी वर्षे फवारतो, काही झाले नाही’ हा अनुभव म्हणूनच संरक्षण देत नाही.

टप्प्याटप्प्याने धोके शोधा

फवारणीचे काम खालील टप्प्यांत विभागून प्रत्येक ठिकाणी ‘इथे औषध कोणाच्या अंगावर येऊ शकते?’ हा प्रश्न विचारावा.

१) साठवण : बाटल्या घरात, धान्याजवळ किंवा मुलांच्या हाताला येतील अशा ठेवल्या आहेत का? औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाणी किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढले आहे का? घरात जुनी औषधे पडून आहेत का? फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांवर डिसेंबर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. ती वापरू नयेत.

२) मोजणे व मिसळणे : सर्वांत धोकादायक टप्पा हाच आहे. येथे औषध तीव्र स्वरूपात असते. हाताने ढवळणे, बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजणे, सील दाताने तोडणे यातून काही सेकंदांत मोठी मात्रा शरीरात जाऊ शकते.

३) पंप भरणे व उचलणे : टाकी काठोकाठ भरल्यास उचलताना औषध मानेवर आणि पाठीवर सांडते.

४) प्रत्यक्ष फवारणी : पिकाची उंची, वाऱ्याची दिशा, चालण्याची पद्धत, पंपाची गळती.

५) नोझल अडकणे : तोंडाने फुंकर मारून नोझल साफ करण्याची सवय आजही दिसते. औषध थेट तोंडात जाण्याचा हा मार्ग आहे.

६) मधली सुटी : हात न धुता तंबाखू मळणे, विडी ओढणे, पाणी पिणे, भाकरी खाणे.

७) काम संपल्यावर : तेच कपडे घालून घरी जाणे, लहान मुलाला उचलून घेणे. हे कपडे बहुतेक घरांत स्त्रिया धुतात. त्यांनी फवारणी केलेली नसतानाही त्यांचा औषधाशी संपर्क येतो.

८) फवारलेल्या शेतात परत जाणे : फवारणीनंतर लगेच निंदणी, वेचणी किंवा चारा कापण्यासाठी मजूर शेतात जातात का?

बहुतेक शेतांत यातील तीन-चार ठिकाणी त्रुटी सापडतील. त्यांची नोंद करून मगच उपायांकडे वळावे.

उपायांचा क्रम महत्त्वाचा

सुरक्षिततेच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. आधी धोकाच काढून टाकणे, ते शक्य नसल्यास कमी धोक्याचा पर्याय घेणे, मग यंत्र सुधारणे, मग कामाची पद्धत बदलणे आणि सर्वांत शेवटी संरक्षक साधने. आपल्याकडे चर्चा शेवटच्या पायरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात संपूर्ण साधने घालून दिवसभर काम करणे अवघड असते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणूनच वरच्या पायऱ्यांवर जास्त भर द्यावा.

पहिली पायरी : अनावश्यक फवारणी टाळा

जी फवारणी झालीच नाही, तिच्यातून विषबाधा होत नाही. कापसात किडींनी आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच रासायनिक फवारणी करावी.

• तुडतुडे : प्रति पान २ ते ३
• फुलकिडे : प्रति पान १०
• पांढरी माशी : प्रति पान ८ ते १० प्रौढ
• गुलाबी बोंड अळी : प्रति कामगंध सापळा ८ पतंग, सलग ३ रात्री, किंवा ५ ते १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले वा बोंडे

निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. रसशोषक किडींसाठी सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. बीजप्रक्रिया केलेले कापूस बियाणे सुरुवातीच्या काळात रसशोषक किडींपासून संरक्षण देते. त्यामुळे त्या काळात ‘शेजाऱ्याने मारले म्हणून’ फवारणी करू नये.

नत्राचा अतिरेक टाळल्यास पीक लुसलुशीत राहत नाही, अनावश्यक उंच वाढत नाही आणि रसशोषक किडीही कमी येतात. वाढ जास्त असल्यास शेंडा खुडावा. पीक खांद्याच्या खाली राहिले, तर फवारा चेहऱ्यावर येण्याचा धोका आपोआप घटतो.

दुसरी पायरी : कमी धोक्याचे औषध निवडा

त्या किडीसाठी शिफारस असलेल्या औषधांपैकी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचा पर्याय आहे का, हे दुकानदाराला विचारावे. औषध त्या पिकासाठी व किडीसाठी लेबलवर नमूद असावे. लेबलवर सांगितलेले नसल्यास दोन कीटकनाशके एकत्र करू नयेत. मिश्रणामुळे विषारीपणा वाढू शकतो. शिवाय विषबाधा झाल्यास डॉक्टरांना नेमका उपचार ठरवणे कठीण जाते. बिल घ्यावे. डब्यासोबत येणारे माहितीपत्रक जपून ठेवावे. त्यात विषबाधेची लक्षणे आणि उतारा दिलेला असतो.

तिसरी पायरी : पंप दुरुस्त ठेवा

हंगामापूर्वी पंपात साधे पाणी भरून दहा मिनिटे फवारून पाहावे. झाकण, नळी, बटण, लान्सचे जोड कुठे गळतात ते पाहावे. वायसर आणि झिजलेली नोझल बदलावी. हा खर्च किरकोळ असतो, पण पाठ कोरडी राहते. नोझल साफ करण्यासाठी जुना टूथब्रश किंवा बारीक काडी पंपालाच बांधून ठेवावी. जवळ साधन असले की फुंकर मारण्याची वेळ येत नाही. दाब अनावश्यक वाढवू नये.

चौथी पायरी : कामाची पद्धत बदला

मात्रा एकरावर मोजा : पंप बदलला की मात्रेत गोंधळ होतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते. त्यामुळे त्याच्यासाठी प्रति पंप मात्रा जास्त सांगितली जाते. तीच मात्रा बॅटरी पंपाला लावली, तर एकरी औषध कित्येक पट जास्त पडते. यासाठी साधा हिशेब करावा. आपल्या पंपाने एकरात साध्या पाण्याचे किती पंप लागतात, ते एकदा मोजावे. समजा लेबलनुसार एकरी २०० मि.लि. औषध आहे. १० पंप लागत असतील, तर प्रति पंप २० मि.लि. घ्यावे. ५ पंप लागत असतील, तर ४० मि.लि. दोन्ही ठिकाणी एकरी औषध तेवढेच राहते. पीक वाढले की पंपांची संख्या पुन्हा मोजावी.

मिसळताना : मोजमापाचे वेगळे भांडे आणि लांब काठी वापरावी. मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून, विहीर व पाणवठ्यापासून दूर मिसळावे. टाकी काठोकाठ भरू नये.

वारा पाहून चाला : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. वाऱ्याला आडवे चालावे आणि नोझल वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला धरावी. वारा जिकडे जातो त्या बांधापासून सुरुवात करावी आणि एक-एक तास वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे. अशा प्रकारे फवारलेले पीक कायम एका बाजूला राहते आणि ओल्या पिकातून चालावे लागत नाही. नोझल समोर हलवत त्याच तासातून पुढे जाणे टाळावे. त्यामुळे मांड्या व पोट भिजतात. जोराचा वारा असताना फवारणी करू नये.

वेळ : सकाळी लवकर किंवा दुपारी ४ नंतर. दुपारच्या उन्हात फवारणी बंद ठेवावी.

माणसे बदला : एकाच व्यक्तीने सलग अनेक दिवस फवारणी करू नये. आळीपाळीने काम द्यावे. एकट्याने फवारणी करू नये. हाकेच्या अंतरावर दुसरी व्यक्ती असावी. १८ वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता, आजारी किंवा अंगावर जखम असलेली व्यक्ती यांना हे काम देऊ नये. उपाशीपोटी फवारणी करू नये.

शेतात प्रवेश : लेबलवर दिलेला कालावधी संपेपर्यंत शेतात कोणी जाऊ नये. बांधावर लाल फडके किंवा फलक लावावा.

पाचवी पायरी : संरक्षक साधने

• हातमोजे : नायट्रिल रबराचे, आतून कापडी अस्तर नसलेले. अस्तरात औषध मुरते. उंच पिकात नोझल वर धरायची असल्यास बाही मोज्याच्या आत घालून मोज्याची कड दुमडावी, म्हणजे ओघळ आत जात नाही.
• पँट बुटाच्या बाहेर ठेवावी, बुटात खोचू नये.
• पाठीवर प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा. औषध मिसळताना पुढूनही प्लॅस्टिकचा एप्रन घ्यावा.
• डोळ्यांसाठी बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा.
• मास्क : रुमाल ओला झाला की औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. साधा धुळीचा मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. ‘ईसी’ औषधांसाठी सेंद्रिय वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क हवा. कार्ट्रिजमधून वास येऊ लागला की ते बदलावे.

काम झाल्यावर हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत, मग काढावेत. शेतातच कपडे बदलावेत, साबणाने अंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावेत. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपात टाकावे, बाटलीला छिद्र पाडावे. घरात वापरू नये.

मजुरीचा दरही धोका वाढवतो

अनेक गावांत फवारणीची मजुरी प्रति पंप ठरते. जितके पंप जास्त, तितकी मजुरी जास्त. मग मजूर थांबत नाही, हात धुण्यात वेळ घालवत नाही, उन्हातही काम सुरू ठेवतो. रोजंदारीने किंवा एकरावर दर ठरवून दिवसाच्या पंपांची मर्यादा घालावी. साबण, पाणी, हातमोजे ही जबाबदारी काम देणाऱ्याची समजावी.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. मात्र ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात फवारणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. सर्वाधिक पंप उचलणाऱ्या माणसाला सर्वांत कमी आधार आहे, हे काम देताना लक्षात ठेवावे.

लक्षणे दिसल्यास काय करावे?

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, जास्त घाम, लाळ, अंधुक दिसणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. उन्हामुळे झाले असेल, असे समजून काम सुरू ठेवू नये. बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, छाती आवळणे, झटके येणे ही गंभीर लक्षणे आहेत. लक्षणे काम संपल्यानंतर काही तासांनीही दिसू शकतात.

• बाधित व्यक्तीला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणावे.
• कपडे लगेच काढावेत. अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.
• डोळ्यांत औषध गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे.
• मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, ताक देऊ नये. उलटी फुप्फुसात गेल्यास जीवाला धोका होतो.
• बेशुद्ध व्यक्तीला डाव्या कुशीवर झोपवावे. तोंडातील लाळ, उलटी पुसून श्वासमार्ग मोकळा ठेवावा.
• १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली किंवा माहितीपत्रक सोबत न्यावे. मिश्रण असेल तर सर्व औषधांची नावे सांगावीत.

नाव कळणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक गटाचा उपचार वेगळा असतो. ऑर्गनोफॉस्फेटसाठी डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. पॅराक्वाट या तणनाशकाला मात्र उतारा नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. बरे वाटल्यावर लगेच पुन्हा फवारणीला जाऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी तपासून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात नियमित फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी जून महिन्यातच करावी. प्रशिक्षण शेतमालकाबरोबर त्यांनाही द्यावे, कारण बहुतेक वेळा सभेला मालक येतो आणि पंप दुसराच उचलतो. कपडे धुण्याची माहिती स्त्रियांपर्यंत पोहोचवावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी अशा मजुरांची कोलिनेस्टरेज तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत होऊ शकते का, हे पाहावे. हंगामाआधीची पातळी माहीत असेल, तर नंतरची घट लवकर कळते.

फवारणीच्या आदल्या दिवशी तपासा

१) किडीची संख्या मोजली का? नुकसानीची पातळी ओलांडली आहे का?
२) औषधाचा त्रिकोण पाहिला का? लेबलवर हे पीक आहे का?
३) एकरी पंप व प्रति पंप मात्रा लिहून ठेवली का?
४) पंप साध्या पाण्याने चालवून गळती पाहिली का?
५) हातमोजे, चष्मा, मास्क, पाठीचे प्लॅस्टिक तयार आहे का?
६) बांधावर साबण, धुण्याचे पाणी, बदलायचे कपडे आणि पिण्याचे वेगळे पाणी ठेवले का?
७) सोबत दुसरी व्यक्ती आहे का? जवळच्या दवाखान्याचा क्रमांक फोनमध्ये आहे का?

यातील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर फवारणी एक दिवस पुढे ढकलावी. एका दिवसाच्या उशिराने पिकाचे होणारे नुकसान पुढच्या फवारणीत आटोक्यात येऊ शकते.